मिटताना अडकणारं पॅनेल आणि जुगाडांची रांग: कुठला ठेवायचा, कुठला काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेच्या वेबसाइटवर नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचं पान आहे, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. प्रश्नावर क्लिक केलं की उत्तर हळूच खाली उघडावं, पुन्हा क्लिक केलं की मिटावं, एवढीच मागणी. उत्तराच्या डब्याला, म्हणजे पॅनेलला, मॅक्स-हाइट (कमाल उंची) ५०० पिक्सेल दिली तर मराठी उत्तरांच्या शेवटच्या ओळी कापल्या जातात. २००० केली तर मिटताना पॅनेल अडकल्यासारखं वाटतं. मग सेटटाइमआउट (थोडं थांबून पुढचा कोड चालवणारी जावास्क्रिप्टची सोय) आला, मग कुणीतरी सुचवलं म्हणून ट्रान्सलेटझेड शून्य (एलिमेंट खोलीच्या दिशेने शून्य अंतर सरकवणारा ट्रान्सफॉर्म) आलं, आणि त्यानंतर पॅनेलमधला संपर्काचा फॉर्म भलत्याच जागी उघडायला लागला. प्रश्नकर्त्याचा वैताग असा की इतक्या साध्या गोष्टीसाठी इतके जुगाड का, आणि यातला नक्की कुठला ठेवू?

मी बरीच वर्षं फ्रंटएंडचंच काम करतो आणि हा वैताग मला पूर्ण मान्य आहे. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत २००६ पासून स्लाइडटॉगल नावाची एक ओळ लिहिली की हे काम होत होतं. तेच सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) करताना चार फाइलींत हात घालावा लागतो, हे खटकणारच. पण तुमची खरी अडचण ॲनिमेशनची नाही असं मला वाटतं. तुम्ही घातलेला प्रत्येक जुगाड आधीच्या जुगाडाने केलेली पडझड सावरायला आलाय, आणि त्यातला कुठला कशासाठी होता हे आता सांगता येत नाही. म्हणून आधी मुळाशी जाऊ.

हाइट शून्यावरून ऑटोवर नेली तर ब्राउझर मधल्या पायऱ्या का दाखवत नाही? ट्रान्झिशन, म्हणजे एका किमतीवरून दुसरीवर हळूहळू जाणं, सुरू करायचं की नाही हा निर्णय ब्राउझर स्टाइलचा हिशेब करताना घेतो, लेआउट (कुठला डबा कुठे, किती मोठा) मांडताना नाही. त्या क्षणी त्याच्या हातात दोन किमती असतात, एक 'शून्य पिक्सेल' आणि दुसरी 'ऑटो' हा नुसता शब्द. ऑटो म्हणजे किती पिक्सेल हे पुढे लेआउटच्या वेळी ठरतं, कारण ते रुंदीवर, फॉन्टवर, आतल्या मजकुरावर अवलंबून असतं. एक आकडा आणि एक शब्द यांच्या अधलंमधलं काही काढता येत नाही, म्हणून ब्राउझर थेट शेवटच्या स्थितीवर उडी मारतो. स्लाइडटॉगलला हे जमायचं कारण ते आधी एलिमेंट मोजायचं, मग जावास्क्रिप्टने स्वतः दर क्षणाला पिक्सेल लिहीत बसायचं.

आता मॅक्स-हाइटचं बघा, कारण तुमचा सगळा त्रास तिथून सुरू झालाय. तुमचं उत्तर समजा २०० पिक्सेल उंच आहे, मॅक्स-हाइट २००० आहे आणि वेळ ४०० मिलिसेकंद. वेग एकसमान धरला तर उघडताना पहिले २०० पिक्सेल ४० मिलिसेकंदांत संपतात. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे तुमचं अख्खं ॲनिमेशन दोन-तीन फ्रेममध्ये उरकलं. डोळ्याला तो नुसता झटका दिसतो. मिटताना उलटं होतं. मॅक्स-हाइट २००० वरून खाली येते, पण २०० वर पोचेपर्यंत पडद्यावर काहीच हलत नाही. ते ३६० मिलिसेकंद वाचकाला वाटतं की क्लिक लागलंच नाही, म्हणून तो पुन्हा क्लिक करतो आणि पॅनेल परत उघडतं. ईझिंग (वेगाचा चढउतार) बदलून हे थोडं झाकता येतं, पण बरं होत नाही. कारण आकडा अंदाजाचा आहे, आणि अंदाज मोठा धरला की वेळ बिघडते, लहान धरला की मजकूर कापला जातो.

मजकूर कापला जाणं मला जास्त गंभीर वाटतं, आणि मराठीत ते हमखास होतं. आकडा बहुतेक वेळा इंग्रजी मजकूर समोर ठेवून ठरवलेला असतो. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते, म्हणून आपण लाइन-हाइट वाढवतो आणि तोच मजकूर जास्त उंची घेतो. त्यात एखाद्याने मोबाइलवर अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत मजकूर २०० टक्के मोठा केला तरी आशय किंवा सोय हरवू नये असं स्पष्ट आहे. पिक्सेलमध्ये बांधलेली मॅक्स-हाइट आणि सोबत ओव्हरफ्लो हिडन (डब्याबाहेर जाणारं लपवा) ही जोडी तिथे नापास होते. आणि निकषांची बाब बाजूला ठेवली तरी, शेवटच्या ओळी कापल्या गेल्यात हे वाचणाऱ्याला कळतही नाही. अर्जाची शेवटची तारीख त्या ओळींत असेल तर ती त्याच्यासाठी नसतेच.

माझा जुगाड निवडण्याचा निकष याच्यातून आलाय. जुगाड चालतो तेव्हा कसा दिसतो हे मी नंतर बघतो. आधी बघतो की तो मोडला तर काय होतं. मॅक्स-हाइट मोडली की मजकूर जातो. दुसरा एखादा उपाय मोडला तर पॅनेल ॲनिमेशनशिवाय पटकन उघडतं, बस. या दोघांत निवड करायला मला वेळ लागत नाही.

तुमच्या सेटटाइमआउटकडे येऊ. पॅनेल डिस्प्ले नन (पानावर नाहीच) वरून ब्लॉक (दिसणारं) केलं आणि लगेच पुढच्या ओळीत ओपॅसिटी एक (पूर्ण अपारदर्शक) केली, तर ट्रान्झिशन चालत नाही. या दोन ओळींच्या मध्ये ब्राउझर स्टाइलचा हिशेब करतच नाही. त्याला फक्त शेवटची स्थिती दिसते, आणि आत्ताच जन्मलेल्या एलिमेंटला 'आधीची स्थिती' नसते. दहा मिलिसेकंदांचा टाइमआउट कधी चालतो, कधी नाही, कारण तेवढ्या वेळात फ्रेम पडेलच याची खात्री नसते. तुमच्या लॅपटॉपवर चालतं आणि स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर उघडताना कधी सरकतं, कधी उडी मारतं, त्याचं कारण हेच. बरेच जण इथे ऑफसेटहाइट, म्हणजे एलिमेंटची उंची, वाचून ब्राउझरला जबरदस्तीने हिशेब करायला लावतात. ते खात्रीचं आहे, पण वाचणाऱ्याला ती ओळ निरुपयोगी वाटते आणि कुणीतरी साफसफाईत उडवतं. आता यासाठी सीएसएसमध्येच स्टार्टिंग-स्टाइल नावाचा नियम आहे: नव्याने दिसणाऱ्या एलिमेंटची आधीची स्थिती कुठली मानायची ते तिथे लिहायचं. २०२४ मध्ये तो तिन्ही मोठ्या ब्राउझर इंजिनांत पोचला. जुन्या ब्राउझरला तो कळला नाही तर एलिमेंट ॲनिमेशनशिवाय दिसतं. मोडण्याचा हा प्रकार चांगला.

ट्रान्सलेटझेड मात्र आजच काढा. त्याचा समज असा पसरलाय की ते टाकलं की ग्राफिक्स कार्ड काम करतं आणि सगळं मऊ चालतं. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी यांचं ॲनिमेशन कंपोझिटरवर (तयार थर एकत्र जोडणाऱ्या ब्राउझरच्या वेगळ्या भागावर) ढकलता येतं हे खरं. पण तुम्ही हलवताय उंची. उंची बदलली की खालचं प्रत्येक एलिमेंट सरकतं, म्हणजे दर फ्रेमला लेआउट नव्याने मांडावा लागतो आणि ते काम मुख्य थ्रेडवरच होतं. ट्रान्सलेटझेडने त्यात फरक पडत नाही. उलट दोन गोष्टी नकळत बदलतात. एक, त्या एलिमेंटचा स्वतःचा स्टॅकिंग काँटेक्स्ट (वर-खाली थरांचा वेगळा हिशेब) तयार होतो, आणि मग आतल्या ड्रॉपडाउनला झेड-इंडेक्स (थराचा क्रमांक) ९९९९ दिला तरी तो बाहेरच्या हेडरच्या वर येत नाही. दोन, आतलं पोझिशन फिक्स्ड असलेलं एलिमेंट आता स्क्रीनच्या नव्हे, त्या पॅनेलच्या हिशेबाने बसतं. तुमचा फॉर्म भलत्या जागी गेला तो यामुळे. विल-चेंज (काय बदलणार याची ब्राउझरला पूर्वसूचना) मध्ये ट्रान्सफॉर्म लिहिलं तरी हेच होतं, त्यामुळे 'नवी पद्धत' म्हणून ते घालू नका. फॉर्मसाठी मूळचं डायलॉग एलिमेंट वापरा आणि ते शोमोडलने उघडा. ते सगळ्यांच्या वरच्या थरात जातं, बाहेरच्या ट्रान्सफॉर्मची आणि झेड-इंडेक्सची त्याला बाधा होत नाही. मार्च २०२२ पासून ते सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे.

मग मी काय करेन? इथे मला तुमच्या पानाविषयी पूर्ण माहिती नाही, म्हणून दोन वाटा सांगतो.

क्लायंट 'सगळीकडे अगदी सारखं दिसलंच पाहिजे' असा आग्रह धरत नसेल, तर डिटेल्स आणि समरी ही मूळची एलिमेंटं घ्या. उघडमीट, कीबोर्ड, स्क्रीन रीडरला 'उघडलं' किंवा 'मिटलं' सांगणं हे सगळं फुकट मिळतं, जावास्क्रिप्ट शून्य. एका वेळी एकच उत्तर उघडं हवं असेल तर सगळ्या डिटेल्सना सारखंच नेम द्या. मग ॲनिमेशनचा थर वरून चढवा. क्रोम १२९, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, इंटरपोलेट-साइझ नावाची प्रॉपर्टी आहे. रूटवर (पानाच्या सर्वांत बाहेरच्या एलिमेंटवर) तिची किंमत अलाउ-कीवर्ड्स केली की शून्यावरून ऑटोवर सरळ ट्रान्झिशन चालतं. ती आपोआप चालू का नाही, असं वाटेल. आजवर लिहिलेल्या असंख्य स्टाइलशीट 'ऑटोचं ॲनिमेशन होत नाही' हे गृहीत धरून आहेत. ते अचानक सुरू केलं असतं तर जुन्या साइट ठिकठिकाणी विचित्र हलायला लागल्या असत्या. म्हणून ती मागणाऱ्यालाच मिळते. डिटेल्सच्या आतल्या मजकुराला धरायला डिटेल्स-कंटेंट हा स्यूडो-एलिमेंट आहे. त्याची हाइट मिटलेल्या स्थितीत शून्य, उघड्या स्थितीत ऑटो, आणि ओव्हरफ्लो क्लिप. एक बारीक गोष्ट विसरू नका: मिटताना ब्राउझर आतला मजकूर कंटेंट-व्हिजिबिलिटीने ताबडतोब लपवतो, म्हणून तिलाही त्याच वेळेचं ट्रान्झिशन द्या आणि सोबत अलाउ-डिस्क्रीट लिहा. नाहीतर उघडताना छान सरकेल आणि मिटताना मजकूर आधी गायब होऊन रिकामा डबा मिटत जाईल. हे सगळं सपोर्ट्सच्या अटीत, इंटरपोलेट-साइझ कळणाऱ्या ब्राउझरपुरतं ठेवा. बाकीच्यांत उत्तर लगेच उघडेल, पूर्ण उघडेल, आणि वाचणाऱ्याचं काही अडणार नाही.

ॲनिमेशन सगळीकडे हवंच असेल तर ग्रिडची वाट घ्या. बाहेरच्या डब्याला डिस्प्ले ग्रिड द्या आणि ग्रिड-टेम्प्लेट-रोज (ग्रिडच्या ओळींची उंची) ० एफआर (जागेतला वाटा) वरून १ एफआर वर न्या. एफआर हा आकडा आहे, शब्द नाही, त्यामुळे मधल्या पायऱ्या काढता येतात. आणि १ एफआर म्हणजे शेवटी आतल्या मजकुराइतकीच उंची. मॅक्स-हाइटचा अंदाज नको, जावास्क्रिप्टने मोजणं नको. फायरफॉक्समध्ये हे २०१९ पासून चालतं, सफारी १६ आणि क्रोम १०७ यांत २०२२ मध्ये आलं. हाही जुगाडच आहे, पण याच्या आधीच्या ब्राउझरवर ट्रान्झिशन लागलं नाही तर पॅनेल नुसतं पटकन उघडतं, मजकूर कापला जात नाही. म्हणून मला तो चालतो.

यात लोक दोन ठिकाणी अडकतात. आतल्या थेट मुलाला (लगेच आतल्या एलिमेंटला) ओव्हरफ्लो हिडन हवंच, नाहीतर त्याची किमान उंची मजकुराएवढी राहते आणि ० एफआर वरही ओळ मिटत नाही. आणि पॅडिंग त्या मुलावर देऊ नका, त्याच्या आत आणखी एक डबा ठेवून त्याला द्या. मुलावर पॅडिंग असेल तर मिटलेलं पॅनेलही तेवढी पट्टी दाखवत राहतं, आणि मग कुणीतरी ती पट्टी लपवायला निगेटिव्ह मार्जिन घालतं. नवे जुगाड जन्माला येतात ते असे.

ग्रिडच्या वाटेवर एक काम तुम्हालाच करायचं असतं. शून्य उंचीचं पॅनेल डोळ्यांना दिसत नाही, पण कीबोर्डला दिसतं. टॅब दाबत जाणाऱ्याचा फोकस मिटलेल्या उत्तरातल्या लिंकवर जातो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. स्क्रीन रीडर मिटलेली सगळी उत्तरं एकामागून एक वाचत सुटतो. म्हणून मिटलेल्या स्थितीत आतल्या डब्याला व्हिजिबिलिटी हिडन द्या आणि तिलाही तेवढ्याच वेळेचं ट्रान्झिशन लावा. ट्रान्झिशन चालू असेपर्यंत ती व्हिजिबल राहते आणि मिटणं संपलं की हिडन होते, त्यामुळे वेगळा डिले लागत नाही. बटणावर एरिया-एक्सपांडेड (स्क्रीन रीडरला उघडं की मिटलं हे सांगणारी खूण) बदलायला विसरू नका.

आता जावास्क्रिप्टने मोजायची वाट. ती मी सहसा टाळतो. पण पॅनेलमध्ये नंतर येणारा मजकूर असेल, किंवा उघडतानाच स्क्रोलची जागा सांभाळायची असेल, तर तिला पर्याय नसतो. पद्धत सगळ्यांना माहीत आहे: स्क्रोलहाइट (आतल्या मजकुराची पूर्ण उंची) वाचा, तेवढे पिक्सेल हाइटला द्या, ट्रान्झिशनएंड (ट्रान्झिशन संपल्याची सूचना) आलं की हाइट ऑटो करा. या शेवटच्या पायरीत किती फटी आहेत ते कमी लोकांना माहीत असतं. पॅनेल उघडत असताना वाचकाने पुन्हा क्लिक केलं तर आधीचं ट्रान्झिशन रद्द होतं आणि त्याचं ट्रान्झिशनएंड येतच नाही, ट्रान्झिशनकॅन्सल येतं. पॅनेलमधल्या बटणाचा रंग बदलला तर त्याचं ट्रान्झिशनएंड बुडबुड्यासारखं वर चढतं आणि तुमचा कोड समजतो की उंचीचं काम झालं. म्हणून टार्गेट (कुठलं एलिमेंट) आणि प्रॉपर्टीनेम (कुठली प्रॉपर्टी) दोन्ही तपासावे लागतात. आणि ज्याने फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू केलीय, त्याच्यासाठी तुम्ही वेळ शून्य केलीत, तर ट्रान्झिशन सुरूच होत नाही, म्हणून एंडही नाही. हाइट पिक्सेलमध्ये अडकून राहते. त्या क्षणी सगळं ठीक दिसतं. नंतर फोन आडव्याचा उभा केला, ओळी वाढल्या, की खालचा मजकूर कापला जातो. म्हणजे हालचालीने ज्यांना गरगरतं त्यांच्यासाठी आपण सोय करायला गेलो आणि त्यांचंच पान मोडलं. या वाटेने जायचंच असेल तर क्लास बदलून एंडची वाट बघण्यापेक्षा एलिमेंटवर ॲनिमेट मेथड वापरा. उंची स्टाइलमध्ये कायम ऑटोच ठेवा आणि ॲनिमेशन तात्पुरतं वरून चालवा. ते संपो वा रद्द होवो, खाली ऑटो आहेच. साफसफाई करायलाच लागत नाही, त्यामुळे ती चुकतही नाही.

वेगाविषयी थोडं. दर फ्रेमला लेआउट म्हणजे महाग, हे खरं. पण वीस-पंचवीस प्रश्नांच्या पानावर ते कुणाला जाणवत नाही. खाली हजार ओळींचा तक्ता असेल तर जाणवेल, आणि तिथे मी उंचीचं ॲनिमेशन करतच नाही. पॅनेल एकदम उघडतो आणि फक्त आतल्या मजकुराची ओपॅसिटी हळू आणतो. वाचकाला 'इथे काहीतरी उघडलं' हे कळायला तेवढं पुरतं. स्केल-वायने दाबून-ताणून उंचीचा भास करायचा मोह होतो, पण अक्षरंही चेपटतात, आणि मराठीत काना-मात्रांचं जे होतं ते बघवत नाही.

कुठलीही वाट घेतलीत तरी तपासणी सारखीच करा. क्रोमच्या डेव्हटूल्समधल्या ॲनिमेशन्स पॅनेलमध्ये वेग १० टक्क्यांवर आणा. झटके आणि रिकामे डबे तिथे लगेच उघडे पडतात. मग एकाच प्रश्नावर भराभर क्लिक करत राहा. अक्षरं दुप्पट मोठी करा. पॅनेल उघडं ठेवून फोन फिरवा. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने पान पार करा. हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू करून पुन्हा सगळं करा. सर्वांत लांबलचक मराठी उत्तर यासाठी हाताशी ठेवा, नमुन्याचा लॅटिन मजकूर नको.

आणि तुमच्या कोडमध्ये जो जुगाड शिल्लक राहील त्याच्या डोक्यावर दोन ओळींची टीप लिहा: हा कशासाठी आहे, आणि काय झालं की काढायचा. 'इंटरपोलेट-साइझ फायरफॉक्स आणि सफारीत आल्यावर ग्रिड काढा' एवढं पुरे. आमच्या टीममध्ये अशी टीप नसलेला जुगाड रिव्ह्यूमध्ये पुढे जात नाही, आणि त्यामुळेच जुने जुगाड खरोखर निघतात. नाहीतर ते काढायची कुणाची हिंमत होत नाही.

काढण्याचा क्रम म्हणाल तर आधी ट्रान्सलेटझेड, मग फॉर्म डायलॉगमध्ये, मग मॅक्स-हाइट आणि सेटटाइमआउट एकदमच, कारण ते एकमेकांवर टेकलेले आहेत. प्रत्येक पायरी वेगळ्या कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर कशाने ते कळेल. पॅनेलमध्ये आळशी लोड होणाऱ्या प्रतिमा किंवा व्हिडिओ असतील तर ते कळवा. त्यांची रुंदी-उंची मार्कअपमध्ये दिलेली नसेल तर उघडल्यावर पॅनेल पुन्हा एकदा उडी मारेल, आणि त्यावर वरचा एकही उपाय लागू पडत नाही.